वाडीखालून बोगदा जाताना: ब्लास्टिंगची कंपनं कुठे, कशी मोजायची आणि त्या आकड्यांचं करायचं काय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घाटातल्या रस्त्याच्या दुहेरी बोगद्यावर तुम्ही साइट इंजिनीअर आहात. दगड बेसॉल्ट, माथ्यावर एक वाडी. सगळ्यात जवळचं घर आज फेसपासून, म्हणजे जिथे खोदाई चालू आहे त्या टोकापासून, तिरकं मोजून १८० मीटरवर आहे, आणि फेस पुढे सरकेल तसं हे अंतर ९० मीटरपर्यंत येणार आहे. हाताशी कंपनं मोजणारा सिस्मोग्राफ एकच, तो वाडीच्या पाण्याच्या टाकीच्या काँक्रीट चौथऱ्यावर नुसता ठेवलेला. आकडे दीड ते साडेतीन मिलिमीटर प्रति सेकंद, कधी ‘ट्रिगर नाही’. करारातली मर्यादा ५. तरी लोक म्हणतात घर हलतं, भांडी पडतात, भिंतींना तडे गेलेत. तुम्ही विचारलंय की यंत्राची जागा बरोबर आहे का, ५ च्या आत राहिलं म्हणजे घरं सुरक्षित का, आणि एकाच पॅटर्नने उडवूनही आकडे एवढे वर-खाली का होतात.

हा शेवटचा प्रश्न तुम्ही ओझरता विचारलाय, पण माझ्या लेखी तोच सगळ्यात मोठा आहे. सध्या तुमचं यंत्र रोज एक कागद काढतं, त्यावर ५ पेक्षा लहान आकडा असतो आणि तो फाइलला लागतो. ९० मीटरवर पोचल्यावर हा क्रम मोडणार आहे, आणि ते आज तुमच्याच आकड्यांवरून दिसतंय. त्याचं गणित पुढे मांडतो. आधी मर्यादा आणि जागा या दोन गोष्टी उरकू.

आपल्याकडच्या बहुतेक करारांत खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीएमएसच्या, १९९७ च्या तांत्रिक परिपत्रक क्रमांक ७ मधला तक्ता उचललेला असतो. ते परिपत्रक खाणींसाठी आहे. रस्त्याचा बोगदा म्हणजे खाण नव्हे, त्यामुळे तो तक्ता तुम्हाला बांधतो तो करारात लिहिलाय म्हणून. त्यात दुसऱ्याच्या मालकीच्या राहत्या घरांना, कच्ची असोत की विटा-सिमेंटची, एक आकडा नाही, तीन आहेत: कंपनाची फ्रिक्वेन्सी ८ हर्ट्झच्या खाली असेल तर ५, ८ ते २५ च्या दरम्यान १०, आणि २५ च्या वर १५ मिमी प्रति सेकंद. ऐतिहासिक आणि नाजूक वास्तूंसाठी हेच आकडे २, ५ आणि १०. वाडीत जुनं दगडी देऊळ असेल तर त्याला कुठल्या रकान्यात बसवायचं हे आधीच ठरवून घ्या. मी ते नाजूक वास्तूंच्या रकान्यात टाकतो, कोणी सांगितलेलं नसलं तरी.

तुमच्या करारात नुसतं ५ लिहिलंय, म्हणजे कोणीतरी सगळ्यात कडक खाना उचलून ठेवला आहे. वाडीच्या बाजूने ते चांगलंच आहे, ते सैल करून घ्या असं मी सांगणार नाही. पण तीन आकडे का, हे तुम्हाला माहीत हवं. एक-दोन मजली घराची स्वतःची फ्रिक्वेन्सी साधारण ४ ते १२ हर्ट्झ असते. जमीन त्याच तालात हलली तर घर जमिनीपेक्षा जास्त हलतं. जमीन ८० हर्ट्झने थरथरली तर आकडा मोठा दिसूनही घराचा सांगाडा तिच्यामागे फारसा जात नाही. अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ माइन्सच्या १९८० च्या अहवालात गिलाव्याच्या जुन्या घरांना कमी फ्रिक्वेन्सीवर १२.७ आणि ४० हर्ट्झच्या वर ५०.८ मिमी प्रति सेकंद अशी मर्यादा आहे. जर्मनीच्या डीआयएन ४१५० च्या तिसऱ्या भागात राहत्या घरांसाठी १० हर्ट्झपर्यंत ५, मग वाढत वाढत ५० हर्ट्झला १५ आणि १०० ला २०. प्रत्येकाचे आकडे वेगळे, चढण सगळ्यांची एकच. तेव्हा ‘३.२ आले’ एवढंच सांगणारा अहवाल अर्धा अहवाल आहे. कुठल्या चॅनेलवर, म्हणजे उभ्या की आडव्या दिशेला, आले आणि किती हर्ट्झला आले, हे सोबत हवंच.

आता इथूनच जागेचा मुद्दा निघतो. अखंड बेसॉल्टमधून शंभर-दीडशे मीटरवर येणारं कंपन बहुधा उंच फ्रिक्वेन्सीचं असतं. पण तेच घराखालच्या चार-पाच मीटर मातीतून आणि मुरमातून वर आलं की उंच फ्रिक्वेन्सी गाळल्या जातात आणि खालच्या फुगतात. पाण्याची टाकी बहुतेक वेळा कातळ बघून बांधतात. घरं असतात सपाटीवर, मातीवर. म्हणजे तुम्ही कदाचित वाडीतल्या सगळ्यात शांत जागेवर मोजताय. टाकीवर आलेले ३ म्हणजे घरालाही ३ च मिळाले, असं गृहीत धरायला काही आधार नाही. जास्त असतील किंवा कमी, ते तिथल्या थरावर अवलंबून आहे आणि मोजल्याशिवाय कळत नाही.

यंत्र घराच्या बाहेर, फेसकडच्या बाजूच्या पायाजवळ, जमिनीत ठेवायचं. घराच्या आत नाही, ओट्याच्या फरशीवर नाही, पहिल्या मजल्यावर तर नाहीच, कारण सगळ्या मर्यादा पायाशी मोजलेल्या जमिनीच्या कंपनासाठी आहेत. भिंतीपासून तीन मीटरच्या आत एक खड्डा खणा. जिओफोनच्या, म्हणजे यंत्राच्या कंपन टिपणाऱ्या डब्याच्या, उंचीच्या तिप्पट खोली मिळाली तर उत्तम. त्यात तो समपातळीत बसवून तीच माती परत भरा आणि धुमसून घट्ट करा. अंगावरचा बाण फेसकडे. बोगदा खालून जात असल्यामुळे उभा चॅनेल बऱ्याचदा सगळ्यात मोठा येतो, म्हणून समपातळीत हयगय नको.

‘नुसता ठेवला तर काय बिघडलं’ असं साइटवर हमखास विचारतात. त्याचं उत्तर आकड्यात देता येतं. कंपनाचा वेग ५ मिमी प्रति सेकंद आणि फ्रिक्वेन्सी ८० हर्ट्झ असेल तर त्वरण होतं साधारण २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वाच्या (जी) पाव पट. ०.२ जीच्या पुढे नुसता ठेवलेला जिओफोन जमिनीबरोबर न हलता सरकायला, टुणकायला लागू शकतो. मग आलेख जमिनीचा राहत नाही, डबा कसा नाचला त्याचा होतो. हेच ५ मिमी १० हर्ट्झला असतील तर त्वरण ०.०३ जी, तिथे नुसता ठेवूनही चालून जातं. उघड्या खदानीवर दूरच्या गावात ज्यांनी काम केलंय त्यांना ही सवय असते आणि ती इथे घेऊन येतात. कातळावरच बसवायचा असेल तर बोल्ट करा किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बसवा. वर वाळूची पोती ठेवणं हा शेवटचा पर्याय.

सेटिंगचं फार लांबवत नाही, पण एक गोष्ट बोगद्यात सगळ्यांची चुकते. खदानीतला ब्लास्ट एक-दीड सेकंदात संपतो, म्हणून यंत्रात रेकॉर्डिंगचा वेळ बहुधा दोन-तीन सेकंद ठेवलेला असतो. बोगद्यात लाँग डिले, म्हणजे होल नंबरवार मोठ्या अंतराने उडवणारे, डेटोनेटर वापरलेत की शेवटचा होल पाच-सात सेकंदांनी उडतो. तीन सेकंदांचं रेकॉर्डिंग म्हणजे लिफ्टर (तळाचे) आणि पेरिफेरीचे (कडेचे) होल तुम्ही ऐकलेच नाहीत. दहा सेकंद ठेवा. ट्रिगर ०.५ च्या आसपास. सॅम्पलिंग सेकंदाला १०२४ पेक्षा कमी नको, जमलं तर दुप्पट. ‘ट्रिगर नाही’ याचे तीन अर्थ होतात: कंपन ०.५ च्या खाली होतं, बॅटरी गेली होती, किंवा यंत्र चालू करायचं राहिलं. तिन्हींचा कागद सारखाच कोरा. म्हणून हिस्टोग्राम (सतत चालणारी नोंद) आणि वेव्हफॉर्म (ब्लास्टचा पूर्ण आलेख) एकत्र नोंदवणारा मोड असेल तर तो लावा. मग यंत्र जागं होतं आणि तेव्हा किती होतं, याचा पुरावा राहतो.

आता गणित. कंपनाचा कमाल वेग (पीपीव्ही), अंतर आणि एका डिलेत, म्हणजे एका वेळी, उडणारा चार्ज (स्फोटकाचं वजन) यांचं नातं सगळीकडे एकाच साच्यात मांडतात:

पीपीव्ही = क × (अंतर ÷ √चार्ज) चा उणे ब घात

क आणि ब त्या त्या जागेचे. ऑस्ट्रेलियाच्या मानकात सरासरी परिस्थितीसाठी क ११४० आणि ब १.६ दिले आहेत, पण ते एक बाजू मोकळी असलेल्या ब्लास्टसाठी आहेत. बोगद्यातल्या कटला, म्हणजे फेसवर सगळ्यात आधी उडणाऱ्या होलच्या गटाला, मोकळी बाजू जवळजवळ नसतेच, तिथे क कितीतरी वर जाऊ शकतो. तरी प्रमाण कळण्यासाठी हेच आकडे धरू. ३ मीटरच्या पुलला (एका ब्लास्टमध्ये फेस जेवढा पुढे सरकतो ते अंतर) ४५ मिमीच्या एका होलमध्ये साधारण ३ किलो इमल्शन स्फोटक बसतं. कटमधले चार होल एकाच डिले नंबरवर असतील तर एका डिलेत १२ किलो. १८० मीटरवर १२ किलोचे येतात सुमारे २ मिमी प्रति सेकंद. तुमचे आकडे दीड ते साडेतीन आहेत, म्हणजे आपण अंदाजाने बरोबर गल्लीत आहोत. तेच १२ किलो ९० मीटरवर सव्वासहा देतात, कारण अंतर निम्मं झालं की कंपन तिप्पट होतं.

आता तुमचा वरचा आकडा घ्या, साडेतीन. ब १.६ च धरला तर ९० मीटरवर त्याचे साडेदहा होतात. ५ ची रेघ ओलांडली जाते ती मात्र त्याच्या बरीच आधी, सुमारे १४५ मीटरवर. तिरक्या अंतराचा हिशेब केला तर आजच्या फेसपासून बोगदा आणखी चाळीस-पंचेचाळीस मीटर पुढे गेला की. रोज ३ मीटरचा एक पुल धरा, दोन आठवडे. तुमच्या जागी मी असतो तर यंत्राच्या जागेआधी साहेबांना हे दाखवलं असतं.

हे दोन आठवडे फार मोलाचे आहेत, कारण याच काळात तुम्हाला स्वतःचे क आणि ब काढता येतील. दर ब्लास्टला नोंद करा: फेसचं चेनेज (बोगद्याच्या रेषेवरचं अंतर), कटच्या मध्यापासून जिओफोनपर्यंतचं तिरकं अंतर, प्रत्येक नंबरवरचा चार्ज, आलेली पीपीव्ही. पंचवीस-तीस जोड्या जमल्या की लॉग कागदावर रेघ मारता येते. पण अंतर फार बदलत नसेल तर रेघेला उतारच मिळत नाही. म्हणून दुसरं यंत्र काही आठवड्यांसाठी भाड्याने मागा आणि ते फेसच्या जवळच्या जागी लावा. नाहीच मिळालं, तर एका यंत्राने एक दिवस घराशी, एक दिवस उतारावर खाली, असं फिरवत मोजा. मधली रेघ फक्त सरासरी सांगते, निम्मे ब्लास्ट तिच्या वरच असतात. चार्ज ठरवायचा तो ९५ टक्के बिंदू खाली ठेवणाऱ्या वरच्या रेघेवरून.

इथे बेसॉल्टचा एक स्वभाव लक्षात ठेवा. दख्खनचा दगड लाव्हाच्या थरांवर थर रचून बनलाय. एक थर अखंड कठीण, त्यावर सच्छिद्र, मग दोन थरांच्या मध्ये कुठे तांबड्या बोलचा, म्हणजे लाल मातकट थराचा, मऊ पट्टा. बोगद्याच्या दिशेने जाणारी लाट एकाच थरातून धावते. वर वाडीकडे जाणारी लाट हे सगळे जोड ओलांडून जाते आणि प्रत्येक जोडाला काहीतरी गमावते. म्हणून बोगद्यात आडवं मोजून काढलेले क आणि ब वाडीला लावू नका, आणि शेजारच्या पॅकेजचे तर बिलकुल नको. समृद्धी महामार्गाचा इगतपुरीजवळचा बोगदा असो की मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या मिसिंग लिंकचा लोणावळ्याकडचा, दोन्ही याच दगडातले. तरी एकाचे स्थिरांक दुसऱ्याला चालतील असं मी म्हणणार नाही.

आता आकडे वर-खाली का होतात. याचं उत्तर तुमच्याकडे आधीच आहे, फक्त तुम्ही कागदावरचा ठळक आकडा वाचून आलेख बाजूला ठेवताय. लाँग डिलेची गंमत अशी की प्रत्येक नंबर वेगळा उडतो आणि आलेखात वेगवेगळं शिखर सोडतो. कंपनीच्या तक्त्यातून नंबरांच्या वेळा घ्या, ट्रिगरची वेळ शून्य धरा, आणि सगळ्यात मोठं शिखर किती सेकंदाला आहे ते बघा. पहिल्याच नंबरने ट्रिगर झाला नसेल तर तेवढी वेळ सरकवावी लागेल, एवढीच अडचण.

शिखर पहिल्या अर्ध्या सेकंदात असेल तर दोष कटचा. बर्न कटचे पहिले होल उडतात तेव्हा दगडाला जायला जागा फक्त मधल्या रिकाम्या रीमर होलची असते. स्फोटकाची जी ताकद दगड फोडून फेकण्यात जायची, ती कोंडल्यामुळे जमिनीत जाते. वर सुरुवातीच्या नंबरांच्या वेळा काटेकोर असतात, त्यामुळे एका नंबरवरचे होल खरोखर एकत्र उडतात. इलाज: कटमध्ये एका नंबरवर एकच होल, एका रीमरऐवजी दोन-तीन, आणि रीमर मोठा. १२ किलोचे ३ किलो झाले की ९० मीटरवर सव्वासहाचे २ होतात, म्हणजे एक तृतीयांश. तुमचा साडेदहाचा अंदाजही याच मापाने साडेतीनवर येतो. चार्ज निम्मा केला की कंपन निम्मं होतं असं समजू नका. ते ५७ टक्क्यांच्या आसपास राहतं. म्हणून दोन काडतुसं कमी केल्याने काही फरक दिसत नाही आणि लोक म्हणतात चार्ज कमी करून उपयोग नाही.

शिखर मधल्या सेकंदांत असेल तर बहुधा कट उघडलाच नाही. रीमर तिरका गेला, कटचे होल एकमेकांत घुसले, पाण्याने काडतूस वर आलं, काहीही असू शकतं. कट गोठला की मागून येणारा प्रत्येक होल कोंडलेलाच उडतो. याची साक्ष फेसवर मिळते: ३ मीटर होल मारून पुल मिळाला सव्वादोन, फेसवर हातभर खोल सॉकेट (होलचे न फुटलेले बुंधे) उरलेत. पुलचा आकडा आणि कंपनाचा आकडा एका ओळीत लिहायला लागा. माझ्या अनुभवात ज्या दिवशी पुल कमी, त्या दिवशी गावातून फोन. ड्रिलिंगची टीम बदलली की कंपनांचे आकडे बदलतात, ते याच कारणाने. तिथे चार्ज कमी करणं उलटं पडतं, कारण आधीच न निघणारा दगड आणखी कोंडतो. सुधारायचं ते ड्रिलिंग.

आणि शिखर शेवटी असेल तर लिफ्टर बघा. तळाच्या होलना वरचा सगळा मक (फुटलेला दगड) उचलायचा असतो, म्हणून तिथे चार्ज जास्त आणि बऱ्याचदा सगळे लिफ्टर दोनच नंबरांवर ठेवलेले. पेरिफेरीचे तीस होल एकाच नंबरवर असले तरी तिथून सहसा त्रास होत नाही. होलमागे चार्ज हलका असतो, शिवाय पाच-सहा सेकंदांच्या डिलेची स्वतःचीच चूक काही दहा मिलिसेकंदांची असते, त्यामुळे ते आपोआप विखरून उडतात. कागदावर तीस होलचा चार्ज एका डिलेत धरला तर गणित विनाकारण भयंकर दिसतं. इलेक्ट्रॉनिक डेटोनेटर वापरलेत तर मात्र हा योगायोगाचा विखुरलेपणा जातो आणि वेळा तुम्हालाच द्याव्या लागतात; दोन होलमध्ये ८ मिलिसेकंदांपेक्षा कमी अंतर ठेवू नका. ९० मीटरच्या टप्प्यासाठी इलेक्ट्रॉनिक घ्या, असं मी सुचवेन. खर्च वाढतो, पण पुल ३ वरून दीड मीटरवर आणण्यापेक्षा तो स्वस्त पडतो. पुल निम्मा केला की सायकली दुप्पट होतात, हे तुमच्या प्लॅनिंगवाल्यांना सांगायला नकोच. दोन्ही करूनही वरची रेघ ५ ला शिवत असेल, तरच फेसचे भाग पाडून उडवणं किंवा ब्रेकरने काढणं.

आता लोक म्हणतात घर हलतं, त्याकडे येतो. ते खोटं बोलत नाहीत. माणसाला अर्ध्या-एक मिमी प्रति सेकंदाची थरथरही नीट कळते, आणि सहा सेकंद चालली तर चांगलीच कळते. जाणवणं आणि नुकसान होणं यांत बरंच अंतर आहे, पण ज्याच्या घराखाली हे चाललंय त्याला ते अंतर दिसत नाही. त्यात एक वेगळी गोष्ट मिसळते: हवेचा दाब. बोगदा बंदुकीच्या नळीसारखा असतो, फेसवरचा हवेचा धक्का पोर्टलमधून (बोगद्याच्या तोंडातून) बाहेर येतो आणि समोरच्या घरांची तावदानं, पत्रे, मांडणीवरची भांडी वाजवतो. वाडीत विचारा, धक्का एक बसतो की दोन? कातळातून लाट सेकंदाला काही हजार मीटरने येते, आवाज ३४० मीटरने. फेसपासून पोर्टलमार्गे घरापर्यंतची हवेची वाट ७०० मीटरची असेल तर जमीन आधी आणि भांडी दोन सेकंदांनी. ‘आधी गुरगुरतं, मग दारं आपटतात’ असं कोणी म्हणालं की समजायचं की दुसरी तक्रार हवेची आहे. ती जिओफोनवर दिसणार नाही. यंत्राचा मायक्रोफोन लावा, तो घराच्या पोर्टलकडच्या बाजूला, आडोसा टाळून. १३३-१३४ डेसिबल ही काचांसाठी नेहमी धरली जाणारी मर्यादा, पण तक्रारी १२० च्या आसपासच सुरू होतात. पोर्टलवर जाड कन्व्हेयर बेल्टचे पडदे किंवा पोलादी दार लावून हे बरंच कमी होतं, आणि त्यासाठी चार्ज एक ग्रॅमही कमी करावा लागत नाही.

तड्यांबद्दल बोलताना जपून बोला. तीन-साडेतीन मिमी प्रति सेकंदाने सुस्थितीतल्या भिंतीला नवा तडा जाणं अवघड आहे. दिवसरात्रीच्या तापमानाने आणि पावसाळा-उन्हाळ्याच्या ओलीने भिंतींवर याहून जास्त ताण येतात. घर काळ्या मातीवर असेल तर ती माती फुगून-आकसून दर वर्षी तडे पाडतेच. पण मातीच्या लगद्यात बांधलेली जुनी दगडी भिंत, सुटलेला गिलावा, उतरत्या छपरावरची सरकलेली कौलं यांना हा हिशेब सरळ लागू होत नाही. आणि टाकीच्या चौथऱ्यावर मोजून तुम्ही घराबद्दल काही ठामपणे म्हणू शकतही नाही. कामाआधी घरांची पाहणी झाली होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. झाली नसेल तर आता करा, १४५ मीटरच्या आधी. प्रत्येक खोलीचे फोटो, तड्याशेजारी मोजपट्टी धरून; तड्याच्या दोन्ही टोकांना तारखेची खूण; रुंद तड्यांवर काचेची पट्टी चिकटवून. घरमालक आणि ग्रामपंचायतीच्या माणसासमोर, दोघांच्या सह्या घेऊन, एक प्रत घरमालकाला. आधीपासूनचे तडेही त्यात येऊ द्या. आजवर जे गेले ते कशाने गेले हे या पाहणीतून ठरणार नाही, पण इथून पुढचं ठरेल.

याच फेरीत विहिरींची आणि झऱ्यांची पातळीही मोजून ठेवा. तांबड्या बोलच्या पट्ट्यावर साठलेलं पाणी वाडीची विहीर भरतं, आणि बोगद्याने तो पट्टा कापला की पाणी बोगद्यात उतरू शकतं. लोक ते सुरुंगाच्या हादऱ्यावर ढकलतात. सिस्मोग्राफला याबद्दल काहीच सांगता येत नाही, आणि ५ च्या आतले आकडे दाखवून तुम्ही तो प्रश्न मिटवायला गेलात तर तुमच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास जाईल.

तुम्ही लिहिलंय की आकडे गावाला दाखवू नका अशी वरून सूचना आहे. कराराची अट असेल तर तुमच्या हातात नाही. पण दाखवण्याची परवानगी मागा, लेखी मागा. मी जिथे जिथे ब्लास्टच्या वेळी दोन गावकऱ्यांना यंत्राशेजारी उभं करून स्क्रीन बघायला दिला, तिथे तक्रारी थांबल्या नाहीत, पण नेमक्या झाल्या: ‘परवाच्या रात्रीचा मोठा होता’ अशा. तसा मोठा ब्लास्ट नोंदीत शोधला की बहुतेकदा सापडतो. वेळ ठरलेली ठेवा आणि भोंगा न चुकता वाजवा. रात्री दहानंतरचा ब्लास्ट टाळता येत असेल तर टाळा, कारण २ मिमी प्रति सेकंद दुपारी कोणाच्या लक्षात येत नाही आणि मध्यरात्री अख्खी वाडी उठवतं.

तेव्हा उद्या यंत्र घराच्या पायाशी पुरा आणि रेकॉर्डिंग दहा सेकंदांचं करा. परवापासून चेनेज, पुल, नंबरवार चार्ज आणि शिखराची वेळ यांचे चार रकाने भरायला लागा. आठवड्याभरातले सगळ्यात मोठे दोन आणि सगळ्यात छोटे दोन आलेख, कटचं रेखाचित्र, आणि घराखाली माती किती खोल आहे याचा अंदाज एवढं पाठवलंत तर कटमधले नंबर कसे मांडायचे ते नेमकं सांगता येईल. मातीची खोली घरमालकालाच विचारा. विहीर किंवा शोषखड्डा खणताना कातळ किती हातांवर लागला, हे त्याला पाठ असतं.